साने मृणाल की मृणाल साने?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला महत्त्वाचा भाग इथं देते. कुटुंबाची खरी नावं मी बदलली आहेत. मुलीला मृणाल म्हणू, तिच्या वडिलांना श्रीकांत आणि आडनाव साने धरू.

‘‘माझ्या मुलीला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तिचं सगळं शिक्षण इथंच झालं. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर तिचं नाव ‘साने मृणाल श्रीकांतभाई’ असं आहे, पॅन कार्डावर ‘मृणाल श्रीकांत साने’. विद्यापीठाच्या अर्जात तिनं आधारवरचं नाव त्याच क्रमानं भरलं. तिकडून जे पत्र आलं त्यात तिला चक्क ‘श्रीकांतभाई बाई’ केलं आहे, म्हणजे वडिलांचं नाव हेच आडनाव समजलेत. पासपोर्टचं काम एका एजंटकडे दिलंय, तोही म्हणतो, शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात टाकून देऊ, काही होत नाही. दुसरं असं की, तिचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं आहे. पहिल्या भेटीत तिनं सवयीनं ‘मी साने मृणाल’ असं सांगितलं, तर तिकडच्या कुणीतरी ‘हजेरी चाललीय का?’ म्हणून चेष्टा केली. पोर हिरमुसली. माझ्या सासूबाई म्हणतात, आधी घराणं आणि मग माणूस, तिचं काही चुकलं नाही. ह्यांचं म्हणणं, ही गुजरातची सवय, ती सोडायला हवी. खरा क्रम कोणता? पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, तेव्हा कुणाची ओळख कुणाला आधी करून द्यायची? आणि लग्नानंतर नावाचं काय करायचं, तेही सांगा. – मृणालची आई’’

ताई,

आधी एजंटला फोन करा आणि अर्ज थांबवा. उरलेलं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असा नियम कुठंही नाही. पासपोर्टच्या अर्जात नावासाठी दोन रकाने असतात, एक ‘गिव्हन नेम’ आणि दुसरा ‘सरनेम’. पहिल्या रकान्याचा खुलासा अर्जातच दिलेला असतो: स्वतःचं नाव आणि त्यापुढं, असल्यास, मधलं नाव. म्हणजे मृणालच्या पहिल्या रकान्यात ‘मृणाल श्रीकांत’ आणि दुसऱ्यात फक्त ‘साने’. वडिलांचं नाव त्या रकान्यात घातलंच पाहिजे असं नाही, आई-वडिलांच्या नावांना अर्जात वेगळी जागा असते. पण तिच्या गुणपत्रिकांवर मधलं नाव आहे, म्हणून पासपोर्टातही ते ठेवा असं मी सांगेन. परदेशात एकच माणूस दोन कागदांवर दोन तऱ्हांनी दिसला की प्रश्न सुरू होतात. विमानाच्या तिकिटावर ‘मृणालश्रीकांत’ असं सलग छापून आलं तर मात्र घाबरू नका. तिकिटांवर तसं येतं आणि ते चालतं.

एजंटचं ‘काही होत नाही’ का ऐकायचं नाही, तेही सांगते. पासपोर्टमध्ये फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात. त्यात अक्षरं, आकडे आणि बाणाच्या टोकासारख्या खुणा दिसतात. प्रत्येक ओळीत ४४ जागा. वरच्या ओळीतल्या पहिल्या पाच जागा कागदाचा प्रकार आणि देश यांच्यासाठी, उरलेल्या ३९ नावासाठी. त्या ३९ जागांत आधी आडनाव येतं, मग दोन बाण, मग बाकीची नावं. जगभरातले पासपोर्ट याच मांडणीचे असतात, कारण ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं ठरवून दिली आहे. फ्रँकफर्टच्या विमानतळावरचं यंत्र दोन बाणांच्या आधी जे असेल त्याला आडनाव समजतं. बडोद्यात नाव कसं लिहितात आणि पुण्यात कसं, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नाही. एजंटनं म्हटल्याप्रमाणे केलंत तर त्या ओळीत ‘श्रीकांतभाई’ हे आडनाव होईल आणि ‘साने मृणाल’ हे नाव. मग व्हिसा, निवास परवाना, बँकेचं खातं, विम्याचं कार्ड, पदवीचं प्रमाणपत्र, सगळीकडे तेच उमटत जाईल. त्या कागदांवर आठ-दहा वर्षं काढल्यावर मागं फिरणं किती अवघड असतं, याची पत्रं मला नेहमी येतात.

तितकीच मोठी दुसरी चूक म्हणजे आडनावाचा रकाना मोकळा सोडून तिन्ही शब्द पहिल्या रकान्यात भरणं. ‘बघतील ते त्यांचं’ म्हणून पुष्कळ जण असं करतात. अमेरिकेच्या व्हिसावर मग ते सगळे शब्द आडनावाच्या जागी जातात आणि नावाच्या जागी ‘एफ.एन.यू.’ छापून येतं, म्हणजे नाव माहीत नाही. संयुक्त अरब अमिरातीनं तर नोव्हेंबर २०२२ पासून, पासपोर्टात नाव म्हणून एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम केला. तुमच्या घरात आडनाव आहे, ते त्याच्या रकान्यात लिहा.

आता कागद कोणत्या क्रमानं दुरुस्त करायचे ते बघा. मृणालचं पॅन कार्ड बरोबर आहे, तेच पाया धरा. पॅनच्या अर्जात आडनाव, नाव आणि मधलं नाव यांना वेगवेगळे रकाने असतात, म्हणून तिथं सहसा घोटाळा होत नाही. ते कार्ड पुरावा म्हणून घेऊन आधार केंद्रात जा आणि नाव ‘मृणाल श्रीकांत साने’ असं करून घ्या. आधारवरचं नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं, म्हणून खिडकीवरच्या माणसानं काय टाइप केलं ते पावतीवर अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय उठू नका. ‘श्री’ला एक आय की दोन ई, ‘मृ’ला आर-यू की आर-आय, हे आधी घरी बसून ठरवा आणि पॅनवर जे आहे तेच सगळीकडे चालवा. आधार सुधारून हातात आलं की मग पासपोर्ट. आणि पासपोर्ट आला की त्याची प्रत जोडून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला साधा ईमेल: माझं नाव मृणाल, आडनाव साने, अर्जात क्रम उलटा गेला होता, कृपया पासपोर्टप्रमाणे नोंद करावी. अशी दुरुस्ती त्यांना नवी नाही, जगभरातून मुलं तिथं येतात. फक्त ती नोंदणी व्हायच्या आधी करून घ्या, आणि व्हिसाच्या अर्जासोबत सुधारलेलं प्रवेशपत्रच जोडा.

शाळेच्या दाखल्यावरचा ‘भाई’ राहिला. मूल शाळेत असतं तोवर अशी दुरुस्ती शाळेतूनच होते, बाहेर पडल्यावर ती किचकट होते. ती करत बसायला तुमच्याकडे आत्ता वेळ नाही. ‘साने मृणाल श्रीकांतभाई’ आणि ‘मृणाल श्रीकांत साने’ ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. त्याच्या दोन-तीन मूळ प्रती आणि इंग्रजी मजकूर मृणालसोबत असू द्या. जिथं कुणी दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून विचारेल, तिथं ती प्रत पुढं करायची.

‘भाई’वरून मात्र घरात कुणावर रागावू नका. गुजरातमध्ये बापाचं नाव नुसतं घेणं उद्धट वाटतं, म्हणून बाईंनी किंवा कारकुनांनी आदरानं ‘भाई’ लावला आणि तो कागदावर चढला. आपला ‘राव’ असाच चढलेला आहे, सयाजीरावांपासून माधवरावांपर्यंत. आदराचा शब्द नावाचा भाग आहे की नाही, हे त्या-त्या माणसानं ठरवायचं. श्रीकांतरावांच्या स्वतःच्या कागदांवर ‘भाई’ नाही, म्हणून मुलीच्या कागदावरही नको, एवढंच.

या सदराच्या ज्या वाचकांच्या घरी नुकतं बाळ आलं आहे, त्यांना याच ओघात सांगते. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखला चालतो. म्हणजे खंडेराव मार्केटमधल्या महापालिकेच्या कचेरीतून जो कागद निघेल, त्यावरचं नाव त्या मुलाला पुढं आयुष्यभर पुरवायचं आहे. बारशाच्या गडबडीत कुणा मामाला ‘तू जाऊन ये रे’ म्हणून पाठवू नका. आई-बापांपैकी एकानं जातीनं जावं.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे येते. सासूबाई बरोबर की श्रीकांतराव?

मराठीत बोलताना नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. गुजरातीतही बोलताना हेच. मोहनदास करमचंद गांधी असंच सारा गुजरात म्हणतो, गांधी मोहनदास करमचंद म्हणत नाही. आडनाव आधी घालायची रीत याद्यांची आहे. हजेरीपट, मतदारयादी, परीक्षेचे आसनक्रमांक, ग्रंथालयाची सूची, जिथं शेकडो नावांतून एक शोधायचं असतं तिथं आडनाव पुढं आणलं की एका घरातली माणसं एकत्र सापडतात. महाराष्ट्राच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवरही आडनाव आधीच असतं, तेव्हा ‘ही गुजरातची सवय’ हे श्रीकांतरावांचं म्हणणं मला मान्य नाही. आणि पुण्यातल्या ज्या कुणी चेष्टा केली, त्यांनी आपली स्वतःची दहावीची गुणपत्रिका काढून पाहावी.

बडोद्याला तर या यादीच्या रीतीचा अभिमान वाटावा. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला इथं आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयं उभी केली. तशा ग्रंथालयाच्या सूचीत लेखकाचं आडनाव आधी येतं, मग स्वल्पविराम, मग नाव. तो स्वल्पविराम फार कामाचा आहे. क्रम उलटा केलाय, हे तो वाचणाऱ्याला सांगतो. ‘साने, मृणाल श्रीकांत’ असं लिहिलं की कुणाचाही गैरसमज होत नाही. आपल्या शाळांनी क्रम तेवढा उचलला आणि स्वल्पविराम गाळला, म्हणून जर्मनीतल्या बाईंना श्रीकांतभाई आडनाव वाटलं. युरोपात पुष्कळ ठिकाणी याच कारणानं आडनाव सबंध मोठ्या अक्षरांत लिहितात. मृणालनं तिथल्या अर्जांत आणि ईमेलच्या खाली तसं लिहावं, फार सोयीचं होतं.

सासूबाईंचं ‘आधी घराणं’ हे काही जगाबाहेरचं नाही. चीन, जपान, कोरिया आणि युरोपात हंगेरी, इथं बोलतानाही कुळाचं नाव आधीच येतं. जपाननं तर १ जानेवारी २०२० पासून आपल्या सरकारी कागदांत इंग्रजी लिपीतली जपानी नावंही आडनाव आधी घालून लिहायचं ठरवलं, कारण पाश्चात्त्यांसाठी आपला क्रम उलटा करत बसायचं त्यांना पटेना. आपल्या देशातही आंध्र-तेलंगणात घराण्याचं नाव पुढं असतं. पी. व्ही. नरसिंह राव यांचं ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती, ते त्यांचं घराणं, आणि ‘राव’ हे आडनाव नव्हेच. रामटेकमधून ते दोनदा लोकसभेवर निवडून गेले, तरी विदर्भातले कितीतरी लोक त्यांचं आडनाव राव समजत. तमिळनाडूत तर आडनावाचीच भानगड नाही. बुद्धिबळाचे विश्वनाथन आनंद यांचं स्वतःचं नाव आनंद, आणि विश्वनाथन हे वडिलांचं. परदेशी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षं त्यांच्या वडिलांच्या नावाला त्यांचं पहिलं नाव समजून छापलं.

आणि सासूबाईंना सांगा, खुद्द मराठी माणसाचं घराणंही नेहमी नावात नव्हतं. पेशव्याच्या शिक्क्यात ‘बाजीराव बल्लाळ’ एवढंच आहे. बल्लाळ म्हणजे बाळाजी, वडील. आडनाव भट, ते शिक्क्यात नाही. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत तर वडील आधी आहेत, ‘शाहसूनोः शिवस्यैषा’, शहाजींच्या पुत्राची, शिवाची ही मुद्रा. तिथं भोसले शब्दच नाही. म्हणजे बाप आधी की मुलगा, आडनाव हवं की नको, हे आपल्याकडेही काळाप्रमाणे बदलत आलं आहे. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा चार शब्दांचा क्रम ठरवला. गुजरातेत तो लागू नाही, पण मृणालला उद्या पुण्यात मूल झालं तर त्याच्या नावात मृणाल असेल. मला याचा फार आनंद आहे, तो लपवत नाही.

तेव्हा क्रमाची एवढी काळजी करू नका. जपायचं ते वेगळं आहे. तिच्या तीन शब्दांपैकी कुळाचा शब्द कोणता, हे सगळ्या कागदांवर एकच असलं पाहिजे. ते पक्कं असेल तर शब्द कुठल्याही क्रमानं आले तरी माणूस हरवत नाही. ते डळमळलं तर सुंदर मराठी क्रमातही घोटाळा होतो.

बोलताना मात्र माझं मत ठाम आहे. आधी स्वतःचं नाव. आडनाव मागून, आणि तेही सांगावंसं वाटलं तर.

याला कारण आहे, आणि ते तुमच्याच गावात घडलेलं आहे. १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा तो करार होता. एवढ्या शिकलेल्या माणसाला गावात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहाच्या वहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावं लागलं, आणि तो माणूस कोण हे कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून काढलं. त्या दिवशी ते कामाठी बागेत झाडाखाली बसले होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. एका वहीतल्या नावाच्या रकान्यानं हे केलं. आपल्याकडे नव्या माणसाला ‘आडनाव काय?’ असं विचारतात तेव्हा विचारायचं असतं दुसरंच, हे तुम्हाला, मला आणि विचारणाऱ्याला, तिघांनाही माहीत असतं. जिथं आडनावावरून अजूनही माणसाची जागा ठरवतात, तिथं ओळखीचा पहिला शब्द आडनाव असू नये, असं मला मनापासून वाटतं. सासूबाई ‘आधी घराणं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात असलं काही नसेल. तरी ही गोष्ट त्यांना सांगून बघा.

म्हणून मृणालनं साखरपुड्यात ‘मी मृणाल’ म्हणावं आणि तिथंच थांबावं. तिची सवय पुसायची गरज नाही. कागदावर, रांगेत, खिडकीवर ‘साने मृणाल’ बिनधास्त म्हणू दे, तिकडच्या माणसाला यादीत नाव लवकर सापडतं. घरातल्या माणसांसमोर ती यादीतली नसते. आणि पुन्हा कुणी हजेरीवरून बोललं तर ‘आमच्या बडोद्यात शाळेत असंच सांगतात’ एवढं सरळ सांगावं, ओशाळायचं कारण नाही.

ओळखी करून देताना वय बघा. वडीलधाऱ्यांना धाकट्यांची ओळख आधी. हाक मोठ्यांना, नाव लहानाचं: ‘आजी, ही मृणाल.’ मग आजींची ओळख मृणालला: ‘ह्या अमुक आजी, नवऱ्यामुलाच्या आत्याच्या सासूबाई.’ मोठ्यांचं नाव नुसतं घेऊ नका, मागं आजी, काका, मामी काही लावा. आणि नातं सांगताना ते समोरच्याला जोडता येईल असं सांगा. ‘हे आमचे भाऊजी’ म्हणून पुण्याच्या पाहुण्याला काय कळणार? ‘हे श्रीकांतचे धाकटे भाऊ, अलकापुरीत असतात, मृणालला गणित ह्यांनी शिकवलं’, असं म्हटलंत की दोघांना बोलायला विषय मिळतो. ओळख करून द्यायची ती त्यासाठीच.

वरपक्ष म्हणून त्यांच्या सगळ्यांचा मान आधी, हे मात्र मनातून काढा. त्यांच्याकडच्या विशीतल्या चुलतभावाची ओळख आधी आणि तुमच्या ऐंशीच्या सासूबाई कोपऱ्यात सगळ्यांत शेवटी, असं मी पुष्कळ साखरपुड्यांत पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. दोन्ही घरांत जे कोण सगळ्यांत थोर असतील त्यांना समोरासमोर आणा, त्यांची ओळख पहिली. त्यानंतर आई-वडील. नवरा-नवरीचे मित्रमैत्रिणी शेवटी, त्यांचं त्यांनाच जमतं.

आणि बायकांची नावं घ्या. ‘ही आमची सून, ही आमची वहिनी’ म्हणत अख्खी खोली फिरून होते आणि एकाही बाईचं नाव कुणाला कळत नाही. आधी नाव, मग नातं. तुमचं पत्रही ‘मृणालची आई’ अशा सहीनं संपलं आहे. सदरात नाव नको म्हणून तुम्ही ते लिहिलं नसेल, ते ठीकच. पण साखरपुड्याला व्याह्यांसमोर उभ्या राहाल तेव्हा स्वतःचं नाव सांगा, मग मृणालची आई म्हणा.

पत्रिकेबद्दल थोडक्यात. ‘चि. सौ. कां. मृणाल’ आणि ‘चि. अमुक’ ही जुनी रीत चांगली आहे, ठेवा. दोघांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत छापा आणि खाली आई-वडील दोघांची नावं द्या. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं ‘कै.’ लावून घालता, त्यात आजोबांबरोबर आजीचं नाव राहून जात नाही ना, तेवढं प्रूफ तपासताना बघा. गुजराती शेजाऱ्यांसाठी गुजरातीत पत्रिका काढणार असाल तर तीवर ‘श्रीकांतभाई’ खुशाल येऊ द्या. त्यांना ते आपुलकीचं वाटेल, आणि लग्नाची पत्रिका कुणी व्हिसाला जोडत नाही.

राहिला लग्नानंतरच्या नावाचा प्रश्न. बडोद्यात हा विषय निघाला की मला दोन राण्या आठवतात. सयाजीराव महाराजांची पहिली पत्नी तंजावरची लक्ष्मीबाई, त्या इथं येऊन चिमणाबाई झाल्या. त्या गेल्यावर महाराजांनी देवासच्या गजराबाईंशी लग्न केलं, त्यांचंही नाव चिमणाबाई ठेवलं. इतिहासाला मग एक आणि दोन असे आकडे घालून त्यांना वेगळं करावं लागलं. या दुसऱ्या चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. एवढ्या कर्तृत्वाच्या बाईचं माहेरचं नाव आज किती बडोदेकरांना सांगता येईल? महाराजांचंही नाव बदललं होतं, दत्तक आले तेव्हा गोपाळरावांचे सयाजीराव झाले. पण त्या बदलानं त्यांना गादी मिळाली.

लग्नानंतर बाईनं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे, असं कोणताही कायदा म्हणत नाही. पासपोर्टही माहेरच्या नावानं चालू राहतो. मृणालला बदलायचं असेल तर तो तिचा निर्णय, त्यात कुणी कमीपणा मानू नये. नसेल बदलायचं तर व्याह्यांशी हे बोलणं साखरपुड्याआधी होऊ द्या, आणि ते मृणालनं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं बोलावं, तुम्ही नाही. दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी जर्मनीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कागदांना हात लावू नका. प्रवेश, व्हिसा, शिष्यवृत्ती असेल तर ती, आणि शेवटी पदवी, हे सगळं एका नावानं पार पडू दे. विवाह नोंदणीच्या अर्जात तिचं नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, तोही कागद पुढं जर्मन कचेरीत जाणार आहे. आणि लग्नात कुणी तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायला लावलंच, तर त्या ताटात काय लिहायचं ते मृणालला ठरवू द्या.

आधार केंद्रात जाताना पॅनची मूळ प्रत न्या, झेरॉक्स चालत नाही.